सोयाबीनच्या शाईतला निबंध

नमस्कार श्रोतेहो.

निंजा, म्हणजे जपानचे जुने हेर, म्हटलं की काळे कपडे, तोंडाला फडकं आणि कौलांवरून माकडउड्या. बरोबर ना? तर आधी ते काळे कपडे उतरवून ठेवू. जपानी नाटकात सामान हलवणारी माणसं काळ्या वेषात वावरतात. ती समोर दिसत असतात, पण प्रेक्षकांनी 'ती नाहीतच' असं धरून चालायचं. त्यांचाच वेष पुढे निंजाला चिकटला असं मानतात. खरा निंजा फेरीवाला व्हायचा, भिक्षू व्हायचा, डोंबाऱ्यासारखे खेळ करायचा. आणि घरी असला की शेती करायचा.

घर कुठे? क्योतोच्या आग्नेयेला, डोंगरांआड, इगा आणि कोका या दोन मुलखांत. इगात कोणी एक मोठा सरदार नव्हता. लहान लहान जमीनदार घराणी एकत्र बसून कारभार ठरवायची. त्यांचे लेखी नियम आजही वाचायला मिळतात. परकी फौज शिरली तर गावोगाव घंटा वाजवायची आणि 17 ते 50 वयाच्यांनी लढाईच्या आघाडीवर जायचं. 1579 मध्ये जपानचा मोठा भाग जिंकत चाललेल्या ओदा नोबुनागा या सरदाराचा मुलगा चालून आला आणि मार खाऊन परतला. 1581 मध्ये बापाने प्रचंड फौज धाडली आणि इगा बेचिराख केलं.

आता त्यांचा विचार. निंजासाठी जुना शब्द 'शिनोबी'. त्याच्या मुळाशी दोन अर्थ आहेत, लपणं आणि सोसणं. लक्षात ठेवा, लपणं आणि सोसणं. ते अक्षर लिहितात तेही बघण्यासारखं आहे. वर सुरीचं पातं, खाली हृदय. काळजावर सुरी ठेवलेली, तरी तोंडातून हूं की चूं नाही! 1676 मध्ये फुजिबायाशी नावाच्या इगाच्या माणसाने ही विद्या 'बानसेनशुकाई' या ग्रंथात मांडली. त्यात हत्यारं नंतर येतात, आधी येतं सरळ मन. ते नसेल तर ही विद्या आणि चोरी यांत फरक काय उरला, असा त्याचा सूर आहे.

आणि निंजाने सोबत काय न्यायचं? विणलेली टोपी, आकडा लावलेली दोरी, लिहायला दगडी पेन्सिल, औषध, तीन फूट फडकं आणि विस्तव पेटवायची बांबूची नळी. सहा वस्तू, आणि त्या सहांत तलवार नाही! एसटीने गावी निघालेल्या आमच्या आजोबांच्या पिशवीत याहून वेगळं काही नसायचं. दोरीसुद्धा असायची.

बरं, आता मला जी गोष्ट सांगायची आहे ती. 2019 सालची. इगा ज्या मिए प्रांतात आहे, तिथल्या विद्यापीठात निंजांचा इतिहास चक्क शिकवतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना इगाचं निंजा संग्रहालय पाहून निबंध लिहायचा होता. आपल्याकडे सहलीवरून आलं की 'माझी सहल' लिहायला लावतात, आणि पन्नासच्या पन्नास मुलं 'आम्ही पहाटे लवकर उठलो' इथूनच सुरू करतात. त्यात मुलांची चूक नाही. वेगळं लिहिणाऱ्याचे मार्क कापतो कोण, ते आधी विचारा. असो. तिथले प्राध्यापक म्हणाले होते, कल्पकता दाखवाल तर जास्त गुण देईन.

एका मुलीने हे मनावर घेतलं. तिने रात्री सोयाबीन भिजत घातलं. लातूर-वाशिमकडच्या श्रोत्यांना सोयाबीन काय ते सांगायला नको. सकाळी ते ठेचलं, फडक्यात घालून पिळलं. जे दूध निघालं त्यात बेताचं पाणी घातलं. पातळ झालं तर अक्षर उमटत नाही, दाट झालं तर आधीच दिसतं. हे जमायलाच तिला दोन तास लागले. मग बारीक कुंचल्याने हातकागदावर अख्खा निबंध लिहिला. वाळला, आणि कागद कोरा! अक्षर नाही, डाग नाही. फक्त एका कोपऱ्यात साध्या शाईत बारीक चिठ्ठी : कागद तापवा.

आम्ही लहानपणी लिंबाच्या रसात काडी बुडवून हेच करायचो. मी एकदा तसं पत्र बल्बवर धरलं आणि पत्राबरोबर आईचा ओरडाही तापवून घेतला. कारण तेच हो, रस म्हणा किंवा सोयाबीनचं दूध म्हणा, कागदाआधी करपतं आणि तपकिरी होतं. इतकंच शास्त्र आहे.

तर प्राध्यापकांच्या हातात कोरा कागद आला. सांकेतिक लिपीतले निबंध त्यांनी पाहिले होते, हा प्रकार नव्हता पाहिला. अक्षर नीट उठेल का, शंकाच होती. ते कागद घरी घेऊन गेले आणि स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीवर धरला. डोळ्यांपुढे आणा : एक इतिहासाचे प्राध्यापक, निळी ज्योत, वर हातकागद, आणि त्यावर पापड भाजताना डाग उठावेत तशी एकेक ओळ उठते आहे. स्पष्ट, सुवाच्य.

मुलगी नंतर म्हणाली, निबंधात तसं विशेष काही नव्हतं. पण सर निदान वाचायचा प्रयत्न तरी करतील याची खात्री होती. सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले. आणि गंमत पुढेच आहे. त्यांनी निबंध शेवटपर्यंत वाचलाच नाही! थोडा कागद मुद्दाम न तापवता ठेवला. उद्या वर्तमानपत्रवाले फोटो काढायला आले तर त्यांना कोरा भाग दाखवायला नको का?