फोनवरचा उपचार स्वयंपाकघरापर्यंत पोचतो

नमस्कार. घोडबंदर रोडवरून नौपाड्यात यायचं म्हणजे संध्याकाळ गेलीच, तेव्हा व्हिडिओ कॉलवर उपचार सोयीचा पडतो हे ठाणेकरांना सांगायला नकोच. पण बिंज ईटिंग डिसॉर्डरमध्ये फोनचा उपयोग प्रवास वाचण्यापुरता नाही. हा आजार घरात, एकटं असताना, रात्री उशिरा उसळतो आणि फोन तिथे हाताशी असतो.

लग्नात चार जिलब्या जास्त खाल्ल्या, तो हा आजार नव्हे. दोनेक तासांत, इतर कुणी खाईल त्याहून कितीतरी जास्त खाल्लं जातं आणि खाताना हात थांबतच नाही. भूक नसते, पोट दुखू लागतं, नंतर स्वतःचीच किळस येते. असं आठवड्यातून निदान एकदा, सलग तीन महिने झालं तर निदानाचा विचार होतो. बुलिमिया या दुसऱ्या खाण्याच्या आजारातल्यासारखं नियमित उलट्या काढणं इथे नसतं. अल्बर्ट स्टंकर्ड यांनी १९५९ मध्ये याचं वर्णन केलं, पण डीएसएम या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी ग्रंथात स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळायला २०१३ उजाडलं. आपल्या घरांत मात्र अजूनही ‘तोंडावर ताबा नाही’ असंच म्हणतात. ते ऐकलं की मला राग येतो.

माझ्याकडे येणाऱ्यांकडून मी आधी नोंद मागते. साधारण अशी येते: ‘रात्री ११.२०. उरलेला भात, फरसाणचं अख्खं पाकीट, दोन गुळपोळ्या. ओट्याशी उभ्यानेच. सकाळी फक्त चहा, डब्यात काकडी.’ शेवटचं वाक्य वाचा. रात्रीच्या खा-खाची सुरुवात त्या काकडीपासून आहे. म्हणून सीबीटीत, म्हणजे विचार आणि सवयी बदलायच्या बोलण्यातून होणाऱ्या उपचारात, आधी डाएट बंद होतं. तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा थोडं खाणं, चार तासांहून जास्त पोट रिकामं ठेवायचं नाही. संकष्टी काही महिने सोडा, असं सांगावं लागतं तेव्हा सासूबाईंशीही बोलावं लागतं, आणि कॉलवर त्या शेजारीच असतात! अशी नोंद त्याच रात्री फोनवर आली तर खरी असते. आठवड्याने दवाखान्यात सांगताना लाजेपोटी गुळपोळ्या गळतात.

उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१७ मध्ये प्रौढांसाठी पहिली पायरी म्हणून मार्गदर्शनासह स्वतः करायचा कार्यक्रम सुचवला. सोबत वीसेक मिनिटांच्या चार ते नऊ भेटी, सोळा आठवड्यांत. एवढं फोनवर सहज बसतं. वजन उतरवणं हे या उपचाराचं उद्दिष्ट नाही, हे पहिल्याच भेटीत सांगायचं असतं. ते ऐकून काही जण नाराज होतात, तरी सांगायचंच.

खरी अडचण वेगळीच आहे. वन-बीएचकेमध्ये पाच माणसं असताना बोलायचं कुठे? लोक सोसायटीच्या पार्किंगमधून बोलतात, गच्चीवरून बोलतात, मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर इअरफोन लावून बसतात. म्हणून मी प्रश्न असे विचारते की ‘हो’, ‘नाही’ आणि आकड्यांत उत्तर देता यावं. बाकीचं टाइप करायचं. घरच्यांना माझी एकच विनंती आहे: ती वीस मिनिटं खोलीत कुणी जाऊ नका आणि ताटाकडे बघून काही बोलू नका.

उलट्या काढणं किंवा जुलाबाची औषधं सुरू असतील, इन्सुलिन चालू असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर निव्वळ फोनवर भागत नाही, डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटा. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून इथेच आहे. फाटकात ओळखीचं कुणी भेटेल म्हणून लोक कचरतात, ते मला समजतं. अशांना मी टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर देते. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. आजाराचं नाव माहीत असायची गरज नाही. ‘खायला लागले की हात थांबत नाही, मग रडू येतं’ एवढं सांगितलंत तरी समुपदेशकाला पुढचे प्रश्न विचारता येतात.