शाळेचा वाद आणि शाळेचे कागद

नमस्कार, श्रोतेहो.

मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात चहाच्या टपरीवर अर्धा तास बसा, शाळेचा विषय निघतोच. मागे गणवेशावरून निघाला, छोट्या शाळा एकत्र करायच्या समूह शाळेवरून निघाला, आणि 2025 साली पहिलीपासूनच्या हिंदीवरून तर घराघरांत निघाला. 16 एप्रिलला एक शासन निर्णय आला, 17 जूनला सुधारित आला आणि 29 जूनला दोन्ही मागे घेतल्याची घोषणा झाली. या अडीच महिन्यांत गावोगाव जे हमरीतुमरीवर आले, त्यांतल्या किती जणांनी तो कागद वाचला होता? मोबाइलवर फिरणारी चार ओळींची चौकट वाचली होती, बस्स. मूळ निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी ठेवलेला होता.

मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांचा धनीही नव्हे आणि पाहुणाही नव्हे; वरून आलेला कागद खाली द्यायचा आणि खालचा वर पोचवायचा. त्या नोकरीत एक गोष्ट पक्की कळली. गावात शाळेबद्दल बोलणारे पुष्कळ, पण शाळेचं काय होणार हे ज्या कागदांवर ठरतं ते कागद मागून बघणारा एखादाच.

यातला पहिला कागद म्हणजे पट. 30 सप्टेंबरला शाळेत किती मुलं आहेत, त्यावर संचमान्यता होते. संचमान्यता म्हणजे या शाळेला शिक्षक किती, हे ठरवणारं पत्रक. शिक्षक त्यावर, पगार त्यावर, खासगी संस्था असेल तर तिचं अनुदानही त्यावर. म्हणजे पटावरचं एकेक नाव पैशाला बांधलेलं असतं. आणि जिथं नाव पैशाला बांधलेलं असतं, तिथं नावं वाढायला वेळ लागत नाही.

हे राज्याला उघड कळलं ते आपल्या मराठवाड्यामुळं. अभिमान बाळगायचा की मान खाली घालायची, ते तुमचं तुम्ही ठरवा. डॉ. श्रीकर परदेशी तेव्हा नांदेडचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी जिल्ह्यातल्या शाळांची पडताळणी केली, तेव्हा पटावरची मुलं आणि वर्गात बसलेली मुलं यांचा मेळच बसेना. मग तीच तपासणी सगळ्या राज्यात करायचं ठरलं. 3 ते 5 ऑक्टोबर 2011, दसऱ्याच्या तोंडावरचे तीन दिवस. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना अजून आठवत असतील. शिक्षण खात्याबाहेरची माणसंही शाळेच्या दारात उभी होती, महसूलची होती, इतर खात्यांची होती. मुलं रांगेत उभी करून मोजायची, आणि मोजलेल्या प्रत्येक मुलाच्या बोटाला मतदानाची शाई लावायची. शाई कशासाठी? सकाळी या शाळेत मोजलेलं लेकरू दुपारी जीपमधून दुसऱ्या शाळेत नेऊन उभं करू नये म्हणून. पहिलीतली पोरं शाईचं बोट घरी जाऊन कौतुकानं दाखवत होती, आम्ही मतदान करून आलो म्हणून.

राज्यभरात वीस लाखांच्या आसपास मुलं जागेवर आढळली नाहीत. पुढं कारवाईच्या नोटिसा निघाल्या, प्रकरणं न्यायालयात गेली आणि वर्षानुवर्षं चालली. त्या सगळ्याचा हिशेब मी इथं मांडत बसत नाही. मला एवढंच खटकत आलं की गावातल्या शाळेत मुलं किती, हे गावाला माहीत नव्हतं असं नव्हे. गावाला सगळं माहीत होतं. कोणत्या संस्थेत कोणत्या तुकडीतली नावं नुसती कागदावर आहेत, हे सरपंचाला, पोलीस पाटलाला, भाकरीला पीठ मळणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं. पण संस्था कुणाची, तर आमदाराच्या मेव्हण्याची, बोलायचं कुणी? शेवटी शाईची बाटली घेऊन बाहेरचा माणूस यावा लागला.

आता गंमत बघा. काळाचं चक्र उलटं फिरलं. तेव्हा पटावर मुलं होती आणि वर्गात नव्हती. आता वर्गात मुलं बसलेली असतात आणि कागदावर मोजली जात नाहीत. संचमान्यतेसाठी आधार जुळलेलीच मुलं धरायचं धोरण आलं. शाळेच्या रजिस्टरात नाव ज्ञानेश्वर, आधारवर माऊली. जन्मतारीख शाळेत जूनची, कारण आपल्याकडं निम्मं गाव जूनमध्येच जन्मलेलं असतं, आणि आधारवर 1 जानेवारी. झालं, मूल अवैध. एका तांड्यावरच्या शाळेत एका आईनं मुख्याध्यापकांना माझ्यासमोर विचारलं होतं, "सर, माझं लेकरू रोज तुमच्या म्होरं बसतंय, मग कागदावर कामून नाही?" मुख्याध्यापक माझ्याकडं बघायला लागले. दुरुस्ती करायची तर तालुक्याला जायचं, रोज बुडवायचा, रांगेत उभं राहायचं, आणि तेवढ्यात ऊसतोडीला जायची वेळ झालेली. मुकादमाची उचल घेतलेली आहे, तो काही आधारसाठी थांबत नाही.

अशी पाच-सात मुलं गळाली तर काय होतं? मोठ्या शाळेत काही होत नाही. छोट्या शाळेत तेवढ्यानं शिक्षक जातो. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयानं सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी मुलं असतील तर शिक्षकाचं पदच मिळेना, यावरून त्या वर्षी केवढा गदारोळ झाला. सप्टेंबरात शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले. मोर्चात शिक्षक दिसले, पालक फार थोडे दिसले. शिक्षकाची बदली दुसऱ्या गावी होईल. शाळा मात्र तुमच्या गावातून जाईल. मग मोर्चा नेमका कुणाचा असायला हवा होता?

समूह शाळेचंही तसंच. 2023 च्या सप्टेंबरात पत्र निघालं की वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव पाठवा. राज्यात अशा 14,783 शाळा, त्यांत सुमारे 1 लाख 85 हजार मुलं. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही उदाहरणं दाखवली गेली. मोठी शाळा, जास्त शिक्षक, मैदान, ग्रंथालय; कल्पना वाईट आहे असं मी म्हणणार नाही. सात मुलांना चार इयत्ता एकत्र बसवून शिकवणं काय असतं, ते मी पाहिलेलं आहे, त्यात मुलांचंही भलं नसतं. पण जिंतूरच्या किंवा मुखेडच्या डोंगराकडच्या तांड्यावर सहा वर्षांची मुलगी पावसाळ्यात ओढा ओलांडून दुसऱ्या गावच्या शाळेत कशी जाणार, हे प्रस्तावात कोण लिहिणार? शिक्षण हक्क कायद्याखालच्या आपल्या राज्याच्या नियमात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, असं अंतर धरलेलं आहे. प्रस्ताव तालुक्यातून गेले. ज्या वस्तीची शाळा त्यात होती, त्या वस्तीला आधी विचारलं का?

आणि इथं माहितीचा अधिकार येतो. लोकांना वाटतं की हा 2005 चा कायदा म्हणजे दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज करायचा कायदा. अर्जाचं कलम पुढं आहे. त्याआधी चौथं कलम आहे, आणि ते म्हणतं की अर्जाची वाट न बघता कार्यालयानं आपणहून माहिती जाहीर करावी. त्याच कलमात आणखी दोन गोष्टी आहेत. जनतेवर परिणाम करणारं महत्त्वाचं धोरण ठरवताना त्यामागची तथ्यं प्रसिद्ध करायची, आणि ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना त्याची कारणं सांगायची. म्हणजे शाळा हलवायची तर का, मुलं किती, अंतर किती, गाडी कोण देणार, हे आधी गावासमोर यायला हवं. हा उपकार नव्हे, कायदा आहे. 28 सप्टेंबरला आपल्याकडं सरकारी कार्यालयांत माहिती अधिकार दिन साजरा होतो, हार-तुरे होतात, भाषणं होतात. दोनच दिवसांनी 30 सप्टेंबरचा पट मोजला जातो. तो पट त्या भाषणाच्या फळ्याशेजारी लावला तर काय बिघडेल?

त्यात मधली काही वर्षं वेगळीच गेली. आपल्या जिल्हा परिषदांच्या सदस्यांची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली आणि निवडणुका लांबत गेल्या. तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक. शिक्षण समितीच्या सभेत उठून "माझ्या गटातल्या शाळेला शिक्षक का नाही" असं ओरडणारा सदस्यच नाही. त्या सदस्यांचं मी गुणगान करत नाही. निम्मे बांधकामाच्या गुत्तेदारीत रमलेले असायचे. पण ओरडायचे, वर्तमानपत्रात यायचं, साहेबांना उत्तर द्यावं लागायचं. ते दारही बंद झालं.

गावात मात्र एक दार सतत उघडं होतं, आणि तेच आपण वापरलं नाही. शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्यानं त्यात पंचाहत्तर टक्के पालक, आणि निम्म्या स्त्रिया. अध्यक्ष पालकांतून, सचिव मुख्याध्यापक. अध्यक्षपदासाठी सोसायटीच्या निवडणुकीसारखी चुरस मी पाहिली आहे, रात्री जेवणावळीसुद्धा पाहिल्या. निवड झाली की हार घातलेला फोटो निघतो, आणि मग सभेला तीन माणसं.

का येत नाहीत, याचं कारण सोपं आहे. सभा सकाळी अकराला, कापूस वेचणीच्या दिवसांत. मजुरी बुडवून कोण येणार? मग इतिवृत्ताची वही घरोघर फिरते. जाड पुठ्ठ्याची, लाल पाठीची वही. ठराव आधीच सुवाच्य अक्षरात लिहिलेले, सूचक आणि अनुमोदक यांच्यापुढं मोकळी जागा. दिवस मावळताना शिपाई किंवा एखादा मुलगा वही घेऊन येतो. वेचणीहून आलेली बाई ओट्यावर टेकलेली असते, ओच्यातली बोंडं अजून झटकायची असतात. "मावशी, इथं सही." ती करते. वर काय लिहिलंय ते कोणी वाचून दाखवत नाही, तीही विचारत नाही. त्या पानावर कदाचित संयुक्त शाळा अनुदानाच्या खर्चाला मंजुरी असते. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला दहा हजार, शंभरपर्यंत पंचवीस हजार, अडीचशेपर्यंत पन्नास हजार, असं ते अनुदान असतं. रक्कम डोळे फिरावेत एवढी मोठी नाही. पण खडू-फळा, वीजबिल, संडासाची साफसफाई याच पैशातून. मुलींचं स्वच्छतागृह बंद का, याचं उत्तर बऱ्याचदा त्या वहीतच असतं.

बहुतेक मुख्याध्यापक यात पैसे खातात असं कुणी समजू नका. वीजबिलापायी खिशातले पैसे घालणारे मी जास्त पाहिले. वही घरोघर फिरते ती चोरीपेक्षा कंटाळ्यानं. पण वही अशीच फिरत राहिली की ज्याला खायचं आहे त्याचीही सोय होते.

गणवेशाचा वाद आठवून बघा. "एक राज्य एक गणवेश" म्हणून 2024-25 साली कापड वरून आलं, शिलाई बचत गटांकडं गेली, आणि स्वातंत्र्यदिनाला कितीतरी मुलं जुन्याच कपड्यांत झेंड्यापुढं उभी राहिली. मापं चुकलेली ती वेगळीच. ओरड झाली, आणि डिसेंबरात खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडं देण्याचं ठरलं. ओरड करून अधिकार परत आला, चांगलं झालं. आता एका गणवेशाला 300 रुपये, दोन गणवेशांचे 600. कापड कुठून घेतलं, शिलाई किती दिली, पावती कुठं आहे, हे विचारायला मुंबईला जायला नको. विचारतं का कुणी?

अर्जाबद्दल थोडं सांगतो, कारण आपल्याकडं त्याचं नाव खराब झालंय. मास्तरवर राग आहे, टाक माहिती अधिकार. पोराला नापासात काढलं, टाक अर्ज. काही जणांचा तर तो धंदाच आहे. अर्ज टाकायचा, मग फोन करायचा, मग अर्ज मागं घ्यायचे पैसे घ्यायचे. यामुळं खरा प्रश्न विचारणाराही त्याच पंगतीत बसवला जातो. म्हणून अर्ज एकट्यानं न करता चार पालकांनी मिळून ठरवून केलेला बरा, सही एकाची असली तरी. आपल्या राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, ती उलट आपल्या फायद्याची. नेमकं लिहावं लागतं. मुलांची नावं, आधार क्रमांक मागू नका. खासगी माहिती मिळणार नाही आणि मिळूही नये. आकडे मागा. "आमच्या शाळेचा 30 सप्टेंबरचा पट, त्यातली आधार वैध मुलं किती, आणि मंजूर व कार्यरत शिक्षक किती." एवढं पुरे. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडं अर्ज द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. तिथंही दाद लागली नाही तर दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडं. आपल्या विभागाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. मात्र तिथं तारीख लागायला वेळ लागतो, हे आधीच धरून चाला.

पण मला विचाराल तर अर्जाच्या आधी वही. शाळा व्यवस्थापन समितीची पुढची सभा संध्याकाळी लावायला सांगा, रानातली माणसं परतल्यावर. आणि पहिल्यांदा मागच्या सभेचं इतिवृत्त मोठ्यानं वाचायला लावा, खर्चाच्या आकड्यांसकट. मुख्याध्यापक जरा नाराज होतील, कुणी तरी म्हणेल "वाचल्याचं धरा", पण धरू नका. सभा लांबेल, चहा दोनदा सांगावा लागेल.

नमस्कार.