गावचा दवाखाना पारखताना

नमस्कार, श्रोतेहो.

बदली होऊन नव्या गावात आलं, घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असलं, की सामान लावून होण्याआधीच आपण शेजारी विचारतो, "इथं डॉक्टर कोण बरा?" उत्तरं साधारण ठरलेली असतात. "त्यांच्याकडे जा, हाताला गुण आहे." "अमक्यांकडे तर नंबरच लागत नाही, एवढी गर्दी." "ते एका सुईत उभं करतात." सांगणाऱ्याच्या मनात आपुलकी असते, त्याचा अनुभवही खरा असतो. पण एवढ्यावरून दवाखान्याची पारख होत नाही. ती कशी करावी, याबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे.

आधी हाताच्या गुणाचं बघू. साधा विषाणूचा ताप, सर्दी, किरकोळ जुलाब ही दुखणी बहुतेकांची काही दिवसांत आपसूक बरी होतात. आपण पहिले दोन दिवस अंगावर काढतो, तिसऱ्या दिवशी दवाखाना गाठतो, चौथ्या दिवशी ताप उतरतो. मग श्रेय सुईला, नाहीतर सलाईनच्या बाटलीला. अशा दुखण्यांत जवळजवळ प्रत्येकाच्याच हाताला गुण येतो. डॉक्टरांचा कस लागतो तो आपोआप बऱ्या न होणाऱ्या आजारांत: रक्तदाब, मधुमेह, क्षयरोग, अवघड बाळंतपण.

क्षयरोगाचंच घ्या. 2014-15 मध्ये संशोधकांनी मुंबई आणि पाटण्यातल्या खासगी दवाखान्यांत तयार केलेली माणसं रुग्ण म्हणून पाठवली. ती क्षयरोगाची ठरावीक लक्षणं सांगत आणि डॉक्टर काय विचारतात, काय देतात ते टिपून ठेवत. साधारण एक तृतीयांश भेटींतच योग्य ती पावलं उचलली गेली. बाकीच्या ठिकाणी औषधं मिळाली, पण छातीचा एक्स-रे, थुंकीची तपासणी किंवा पुढे पाठवणं यांपैकी काही झालं नाही. त्या दवाखान्यांत गर्दी नसेल असं थोडंच आहे? म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल आणि तरीही डॉक्टर खोकल्याची बाटली बदलून देत असतील, तर थुंकी तपासायची का, हे आपणच विचारायचं. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते.

तुम्ही म्हणाल, आम्ही काही शिकलेले डॉक्टर नाही, आम्हाला त्यातलं काय कळणार? बरंच कळतं. फक्त नजर कुठं ठेवायची ते ठाऊक हवं. आरोग्याच्या कामात गावोगाव फिरताना मी तपासणीच्या टेबलाशेजारी बसून पाहिलेली एक गोष्ट सांगते. एक आजी घाईघाईने आत आल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीत पाठ टेकून बसवलं, पाय जमिनीला लागतात ना पाहिलं आणि पाच मिनिटं गप्प बसा म्हणाल्या. मग विचारलं, "आजी, येताना चहा घेतलात? मिश्री कधी लावलीत?" आजी म्हणाल्या, "आत्ताच लावली की, दारात." बाईंनी त्यांना अर्धा तास बाहेर थांबवलं. नंतर लुगड्याच्या चोळीची बाही वर सारून उघड्या दंडावर पट्टा बांधला, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवला आणि दोनदा रक्तदाब मोजला. मिश्री म्हणजे तंबाखूच. तिच्यानं आकडा चढतो. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका ठिकाणी मी स्वेटरवरून पट्टा बांधलेला पाहिला, रुग्ण उभा, डॉक्टर फोनवर. अशा मोजणीत आकडा दहा-वीसनं इकडचा तिकडे होतो, आणि त्यावर माणूस जन्मभराची गोळी सुरू करतो किंवा जिची गरज आहे ती बंद करतो. हा फरक ओळखायला वैद्यकीय पदवी लागत नाही.

वेळेचंही तसंच. 2017 मध्ये 67 देशांतल्या माहितीचा एक आढावा प्रसिद्ध झाला होता. डॉक्टर एका रुग्णाला स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं देतात, बांगलादेशात 48 सेकंद. भारतातला आकडा दोन मिनिटांच्या आसपास होता. बाहेर चाळीस माणसं ताटकळत असतात तेव्हा डॉक्टरांनी तरी काय करावं, हा प्रश्न रास्त आहे. पण दोन मिनिटांतही जिथं दुखतं तिथं हात लावून पाहता येतं, चालू गोळ्या कोणत्या ते विचारता येतं, आणि "तीन दिवसांत उतार नाही पडला तर परत या" एवढं सांगता येतं. हे शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. ते म्हणणारा डॉक्टर तुमच्या दुखण्याचा पुढचा विचार करत असतो.

आता कागद. 2002 च्या व्यावसायिक आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा आणि चिठ्ठीवर, दाखल्यावर, पावतीवर छापायचा असतो. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी पाहता येते आणि ही नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. पाटीवर एमबीबीएस म्हणजे ॲलोपॅथी आहे, बीएएमएस म्हणजे आयुर्वेद आहे की बीएचएमएस म्हणजे होमिओपॅथी, हे वाचा. लाजण्यासारखं त्यात काही नाही. औषधाचं मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं असंही आचारसंहितेत आहे. आपल्याकडे अजूनही पुडीत बांधलेल्या लाल, पांढऱ्या, पिवळ्या सुट्या गोळ्या हातात पडतात, नावाचा पत्ता नाही. अंगावर पुरळ उठलं आणि रात्री दुसरा दवाखाना गाठायची वेळ आली, तर त्या डॉक्टरांना काय दाखवणार? पुडी देणाऱ्याला गोळीचं नाव लिहून मागा. तपासणीचे कागद, रुग्णालयात दाखल असतानाच्या नोंदी मागितल्या, तर 72 तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आणि पुढं पाठवताना एकाच लॅबचा, एकाच रुग्णालयाचा आग्रह होत असेल तर कारण विचारा. कट प्रॅक्टिस, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणं, हा शब्द आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आचारसंहितेनं ती निषिद्ध ठरवली आहे.

एक मात्र खरं, सुईचा हट्ट बऱ्याचदा आपलाच असतो. "गोळ्यांवर भागेल" असं सांगणाऱ्या डॉक्टरकडून उठून शेजारच्याकडे जाणारे लोक मी पाहिले आहेत. तरण्या डॉक्टरांना ते सोसत नाही, मग तेही सुया भरू लागतात. नीट सांगणाऱ्या डॉक्टरला त्याची फी मनापासून द्या.

इथवर उपचाराचं झालं. पण दवाखाना उत्तम असून तिथं पोचताच आलं नाही तर? पायऱ्या चढून पहिल्या मजल्यावर, खाली मेडिकल, वर दवाखाना, ही तालुक्याच्या गावची नेहमीची रचना. गुडघे गेलेल्या माणसाला चौघांनी खुर्चीत उचलून न्यायचं. उताराचा रस्ता करतात तिथंही बऱ्याचदा नुसती घसरगुंडी असते. फूटभर उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो, हे बांधणाऱ्याला सांगितलं पाहिजे. वेळ पाहा: दवाखाना सकाळी दहा ते दुपारी एक आणि संध्याकाळी पाच ते सात, आणि मजूर बाई रानातून घरी येते साडेसातला. त्या दवाखान्याचं दार तिच्यासाठी रविवारीसुद्धा उघडत नाही.

आणि पडदा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. खोलीत पाच माणसं, दारात कंपाउंडर, तो मोठ्यानं विचारतो, "पाळीचा त्रास कुणाला आहे?" अंगावरून पांढरं जाणारी बाई अशा ठिकाणी "डोकं दुखतंय" सांगून गोळी घेऊन परतते. महिनोन्‌महिने दुखणं अंगावर काढते. उलट एक साधा पडदा, तपासताना सोबत दुसरी बाई आणि दाराबाहेर थांबवलेली गर्दी, एवढ्यानं तीच बाई सगळं सांगते. याला पैसा फारसा लागत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी शोधग्राम या आपल्या संस्थेच्या वसाहतीत दवाखाना उभा करताना आदिवासींनाच विचारलं, की तुम्हाला दवाखाना कसा हवा. मोठ्या इमारतीची त्यांना धास्ती वाटायची, नातलगांना दूर ठेवलेलं सोसत नसे. म्हणून दवाखाना आदिवासी खेड्यासारखा झोपड्यांचा बांधला, रुग्णासोबत घरची माणसं राहू शकतील असा, आणि त्याला नाव दिलं आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं. गुणवत्ता आणि पोच तिथं वेगळ्या काढता येत नाहीत.

विचारण्याची ही रीत सरकारी पातळीवरही आपल्या राज्यात रुजली आहे. 2007 पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकरी समित्यांनी उपकेंद्रांची, प्राथमिक आरोग्य केंद्रांची पाहणी केली, हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत प्रगतिपुस्तकं भरली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवली. औषधं का नाहीत, डॉक्टर मुक्कामाला का नाहीत, पैसे का मागितले, हे प्रश्न भरल्या सभेत विचारले गेले.

खासगी दवाखान्याचं असं प्रगतिपुस्तक आज कुणी भरत नाही. पण तुमच्या महिला बचत गटाच्या पुढच्या बैठकीत अर्धा तास या विषयाला देता येईल. गावातल्या चार दवाखान्यांची नावं घ्या. कुठं पडदा आहे, कुठं चिठ्ठी मिळते, फी आधी सांगतात का, रात्री फोन उचलतात का, हे लिहून काढा. चांगलं आढळलं तर ते डॉक्टरांना तोंडावर सांगा. राहिलेलं तेही दोघीतिघींनी जाऊन सांगा, एकटीनं नको. बचत गटाच्या बायका पडदा मागायला आल्या, तर "नाही" म्हणणारा डॉक्टर मला अजून भेटलेला नाही.