हेडलाइटचा उजेड जातो कुठे?

(गणपतीआधीच्या रविवारी परळमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये, गाडी घेऊन गावी जाणाऱ्यांसाठी एका ऑटो इलेक्ट्रिशियनने केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन.)

आवाज येतोय ना मागे? पंखा जरा कमी करा, माइकमध्ये घरघरतोय.

दरवर्षी गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस माझ्या गॅरेजमध्ये एकच वाक्य ऐकू येतं. 'भाऊ, रात्री काही दिसत नाही, जरा पॉवरफुल बल्ब टाका.' गाडी वर्षभर परळ ते अंधेरी फिरते. मुंबईत रस्त्यावर इतका उजेड, की आपला हेडलाइट बंद असला तरी कोणीतरी हात करून सांगेपर्यंत पत्ता लागत नाही. मग एक दिवस रात्री नऊला सामान भरायचं, अकराला निघायचं, आणि वडखळ मागे पडलं की मिट्ट काळोख. आपल्या गाडीला दिवे आहेत की पणत्या, ते तिथे कळतं.

बल्ब टाकायला माझी ना नाही, धंदाच आहे माझा. पण आधी मी मीटर काढतो. गेल्या आठवड्यात एक गाडी आली, आठ वर्षांची. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर पाहिलं, १३.८ व्होल्ट. डिप्पर, म्हणजे खाली पडणारा जवळचा उजेड, लावून बल्बच्या मागे होल्डरवर पाहिलं, ११.९. मधले दोन व्होल्ट गेले कुठे? वायरमध्ये, स्विचमध्ये, गंजलेल्या अर्थिंगमध्ये. आता तुम्ही म्हणाल, दोनच तर व्होल्ट. हॅलोजनचं, म्हणजे तारेच्या बल्बचं, गणित तसं सरळ नाही. व्होल्टेज दहा टक्के उतरलं की उजेड तीस टक्के उतरतो. या गाडीत जवळजवळ चाळीस टक्के उजेड वाटेतच संपत होता. मी अर्थिंगचा नट खोलला, पॉलिश पेपर मारला, आवळला. होल्डर नवा टाकला, रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच, बसवून बॅटरीपासून जाड वायर सरळ दिव्यापर्यंत नेली. बल्ब जुनेच ठेवले. गिऱ्हाईक विचारतं, 'कुठला बल्ब टाकलात?'

आपल्याकडे मुंबईत हा आजार जास्त. खारी हवा, चार महिने पाऊस, गाडी खाली उघड्यावर. तांब्याला हिरवं चढतंच.

आता पॉवरफुल बल्बकडे येऊ. तीन पिनांचा एच-फोर बल्ब तुम्ही पाहिला असेल. त्यावर ६०/५५ लिहिलेलं असतं, अप्पर, म्हणजे लांबचा उजेड, ६० वॅट, डिप्पर ५५. आंतरराष्ट्रीय मानकात त्याचा उजेडही बांधून दिलाय: अप्परला १६५० ल्युमेन (हे उजेडाचं माप), डिप्परला १०००, फार तर पंधरा टक्के इकडेतिकडे. मग पाकिटावर '१३० टक्के जास्त' लिहितात ते काय? ते खोटं नसतं, पण एकूण उजेडाबद्दलही नसतं. आतली तार आखूड आणि नेमकी करतात, त्यामुळे रस्त्यावरच्या एखाद्या ठिकाणी उजेड जास्त एकवटतो. मोजमाप त्या ठिकाणाचं, आणि तेही मानकाने मागितलेल्या किमान उजेडाशी ताडून. वाईट नाहीत हे बल्ब, मी विकतो, माझ्या गाडीतही आहेत. फक्त तार जास्त तापते म्हणून लवकर जातात. एक साधा बल्ब डिकीत असू द्या. आणि लावताना काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल काचेवर राहतं, ती जागा जास्त तापते, बल्ब अवेळी जातो. लागलंच तर स्पिरिटने पुसा.

निळ्या बल्बाबद्दल एवढंच सांगतो. तार पिवळाच उजेड देते, वरचा निळा लेप त्यातला पिवळा खातो. म्हणजे जास्त पैसे देऊन कमी उजेड घ्यायचा. सगळ्यात जास्त खपतो तोच.

मग येतात ९०, १०० वॅटवाले. इथे माझीच गोष्ट सांगतो. तेव्हा मी पंचविशीत, नुकतं स्वतःचं दुकान टाकलेलं, अक्कल कमी आणि हात सळसळता. मामांच्या गाडीत १०० वॅटचे बल्ब घातले. रिले नाही, काही नाही, कंपनीच्याच वायरवर. पेणहून मूर्ती घेतली, ती मामीच्या मांडीवर. काय उजेड म्हणता! मामा खूश. माणगावच्या पुढे आल्यावर मामी म्हणाली, 'कसला तरी वास येतोय रे, धूप जळल्यासारखा.' मी म्हटलं, बाहेरून येत असेल. पाच मिनिटांत दोन्ही दिवे गेले. बॉनेट उघडलं तर होल्डर वितळून बल्बच्या पिनांना चिकटलेला, चॉकलेट उन्हात ठेवल्यावर होतं तसा. ६० वॅटच्या जागी १०० टाकलात की वायरमधला करंट साधारण पावणेदोन पट होतो आणि वायरमधली उष्णता जवळजवळ तिप्पट. हे मला पुस्तकात माहीत होतं बरं का. उजाडेपर्यंत आम्ही एका चहाच्या टपरीवर बसलो. मामीने मूर्ती शेवटपर्यंत खाली ठेवली नाही, आणि माझ्याशी बोलली नाही.

एलईडीवर सगळ्यांचे प्रश्न असतात, तिथे जरा वेळ देतो. कंपनीतून एलईडी दिवे घेऊन आलेली गाडी वेगळी, तिचा रिफ्लेक्टर, म्हणजे दिव्यातला आरसा, किंवा लेन्स त्यासाठीच बनवलेली. मी बोलतोय हॅलोजनच्या घरात घुसवलेल्या एलईडीबद्दल. हा बघा, एच-फोर बल्ब, हातोहात मागे पाठवा, काचेला हात नका लावू. आत दोन तारा आहेत. पुढच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी दिसतेय? ती डिप्परची. वाटीमुळे उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्याच अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. त्या वाटीची एक कड जरा उतरती असते. त्यामुळे डावीकडचा उजेड पंधरा अंशांनी वर चढतो, कडेने चालणारा माणूस आणि पाटी दिसावी म्हणून. रिफ्लेक्टरचं सगळं गणित त्या तारेच्या जागेवर मांडलेलं असतं, मिलिमीटरमध्ये. एलईडीत तारेऐवजी पट्टीच्या दोन बाजूंना चिप असतात. जागा जरा चुकली की उजेड वाटेल तिकडे उडतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीने दिलेल्या गाडीच्या मूळ रचनेत असे फेरफार चालत नाहीत.

बरं, समोरच्याचं सोडा. तुमचं तरी भलं होतं का? बंपरपुढचा पंधरावीस मीटर रस्ता पांढराशुभ्र होतो. डोळ्याची बाहुली तो उजेड बघून आकसते, आणि लांबचा काळोख आणखी काळा होतो. तुम्हाला हवं असतं लांबचं. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर म्हैस दिसली, पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, तेहेतीस मीटर गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी पस्तीस. झाले सत्तरच्या आसपास. ओल्या रस्त्यावर नव्वद धरा. डिप्परचा कामाचा उजेड पन्नास-साठ मीटर. मग कुठलाही बल्ब घाला, रस्ता ओला असला की मी डिप्परवर ६० च्या वर जात नाही. पोरं हसतात.

पावसात पिवळा बरा की पांढरा? फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळेच हेडलाइट सक्तीचे होते. पिवळा धुकं भेदून जातो वगैरे मी मानत नाही. थेंब इतके मोठे असतात की त्यांना रंगाशी देणंघेणं नाही. पण निळसर पांढऱ्या उजेडात समोर पावसाची जाळी जास्त चकाकते आणि डोळा लवकर थकतो, एवढा माझा अनुभव. साधा हॅलोजन, साधारण ३२०० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळा), त्याला तोड नाही. आणि साठी ओलांडलेल्यांनी रागावू नका, विशीतल्या पोराच्या मानाने तुमच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. तो उजेड काही कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, मिळत नाही. गाडी पोराला द्या.

सीएसटी रोडवरून आठवलं. कोणी स्वस्तात जुना हेडलाइट घेतलात तर भिंतीवर पाडून बघा. दुबईच्या गाडीचा असला तर तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, त्याचा उजेड उजवीकडे चढतो. थेट समोरच्या ड्रायव्हरच्या तोंडावर.

पिवळी पडलेली प्लास्टिकची काच हा दुसरा चोर. दीड-दोन हजारांचे बल्ब टाकतात आणि काच ताकासारखी. आधी ती पॉलिश करा, पाणी लावून बारीक पेपरने, मग वरून लॅकर मारून घ्या, नाहीतर वर्षभरात पुन्हा पिवळी. रिफ्लेक्टरचा मुलामा उडाला असेल तर मात्र उपाय नाही, दिवाच बदला.

राहिलं सेटिंग. भिंतीपासून दहा मीटरवर गाडी सरळ उभी करायची. टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खूण करायची, आणि डिप्परची वरची कड बहुतेक गाड्यांत त्या खुणेच्या दहा सेंटिमीटर खाली यायला हवी. पाच मीटरच जागा असेल तर पाच सेंटिमीटर. स्टिअरिंगजवळ शून्य ते तीन आकड्यांचं चाक असतं बघा, ज्याला कोणी हात लावत नाही, ते यासाठीच. मागे तिघे बसले, डिकीत तांदळाची गोणी, मखर, आत्याचे डबे. गाडीचं नाक वर होतं आणि डिप्परचा अप्पर होतो. समोरचा डिप्पर मारतो, आपण त्याला शिव्या देतो.

खाली पार्किंगच्या भिंतीवर मी चिकटपट्टी लावून ठेवलीय. चला, ज्यांचं सामान भरून झालंय त्यांच्या गाड्या आधी घेऊ. आणि तो बल्ब कोणाच्या हातात आहे? परत द्या.