तारेतली पत्रं, वहीतली पानं

(वाचनालयातल्या हस्तकला कार्यशाळेच्या सुरुवातीला केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. जुनी पोस्टकार्डं ठेवायची छोटी वही आज आपण शिवणार आहोत. घरातली जुनी पोस्टकार्डं घेऊन या, असं तुम्हाला कळवलं होतं. कुणी ती पिशवीतून आणलीत, कुणी बिस्किटांच्या डब्यातून, आणि मागच्या रांगेतल्या आजोबांनी तर तारेसकट आणलीत. ती तार आधी सगळ्यांनी बघून घ्या. वर आकडा, खाली लाकडाची चकती. पत्र वाचून झालं की तारेत ओवायचं, म्हणून जुन्या कार्डांना मधोमध भोक असतं. माझ्या आजोबांच्या एका कार्डात ते भोक नेमकं ‘पाऊस’ या शब्दातल्या ‘ऊ’मधून गेलंय. वही करताना हे भोक बुजवायचं का, असं मला बरेचजण विचारतात. बुजवू नका. राजापूरहून निघालेलं ते पत्र आमच्या गिरगावच्या खोलीत पोचलं, वाचलं गेलं आणि कुणाला तरी ते ठेवावंसं वाटलं, याची ती खूण आहे.

आपल्याकडे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी आलं, पाव आण्याला. लिफाफा नाही, वेगळं तिकीट नाही, आणि जागा अगदी थोडी, आजचं कार्डही अवघं १४ सेंटिमीटर बाय ९. एवढ्याशा जागेत माणसं काय काय माववायची! आजोबांचं अक्षर सुरुवातीला ऐसपैस असायचं. ‘चि. सौ. हिस अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम.’ मग भाताची लावणी, गाय व्यालेली, शेजारच्यांचं भांडण, आणि तळाशी येईतो अक्षर मुंगीएवढं. ‘ता. क.’ तर डोक्यावरच्या मोकळ्या पट्टीत, उलटा लिहिलेला. तो वाचायला कार्ड हातात फिरवावं लागतं.

हे हातात फिरवणं मला फार मोलाचं वाटतं. म्हणून आजच्या वहीत कार्ड डिंकाने चिकटवायचं नाही, दोऱ्याने टाचायचं नाही आणि कापायचं तर मुळीच नाही. पहिली वही केली तेव्हा मला हे कळत नव्हतं. खळ लावून मावशीचं कार्ड पानावर चिकटवलं. ते शाईपेनाने लिहिलेलं होतं. खळीतल्या पाण्याने शाई फुटली आणि चार ओळींचा निळा ढग झाला. पत्त्याची बाजू पानाखाली गेली ती कायमचीच. त्या चार ओळींत काय होतं ते मला आता आठवत नाही, आणि सांगायला मावशीही नाही. जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेलं कार्ड असेल तर आणखी जपा, ओल लागली की ती पेन्सिल शाईसारखी पसरते.

आता कागदाचं गणित. एफोर आकाराचा जरा जाड कागद घ्या, चित्रकलेचा कार्ट्रिज चालेल. तो लांबीच्या दिशेने मधोमध कापला की २९.७ बाय १०.५च्या दोन पट्ट्या मिळतात. प्रत्येक पट्टी आडवी दुमडली की पान होतं साधारण १४.८ बाय १०.५. पोस्टकार्ड त्यात बरोबर बसतं आणि भोवती थोडी कड उरते. एक चिंधीही वाया जात नाही. तीन कागद घेतले की सहा पट्ट्या, म्हणजे बारा पानं. त्या एकात एक घालायच्या. घडीवर नखाने नको, चमच्याच्या पाठीने दाब द्या.

शिवण्याआधी पानांना काप द्यायचे. कार्ड पानावर ठेवून चारही कोपऱ्यांच्या खुणा करा. प्रत्येक कोपऱ्यापासून दीड सेंटिमीटर आत एक तिरका काप द्या, कार्डाच्या कोपऱ्यापेक्षा केसभर मोठा. खाली पुठ्ठा ठेवा, नाहीतर पुढची चार पानं कापली जातील. कार्डाचे कोपरे या कापांत सरकवले की ते घट्ट बसतं आणि हवं तेव्हा बाहेर येतं. उलटा ता. क. वाचता येतो, पत्ता वाचता येतो. कार्डं एकाआड एक पानावरच घ्या, एका वहीत सहाच. जास्त कोंबली तर वही उघडायच्या बाजूने फुगते आणि मिटत नाही. तुमच्याकडे साठ कार्डं असतील तर दहा वह्या करा.

शिवण अगदी सोपी आहे. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा, एक मधोमध आणि दोन टोकांपासून दोन-दोन सेंटिमीटरवर. मेण लावलेला दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, मधलं भोक सोडून थेट खालच्यातून बाहेर काढा आणि पुन्हा मधल्यातून आत या. आत जो लांब टाका पडलाय त्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याची टोकं घेऊन गाठ मारा. वेष्टणाला जाड कागद पानांबरोबरच शिवून टाका. खळ लागत नाही, म्हणजे कसरीला खायलाही काही उरत नाही. सेलोटेप मात्र कुठेही नको, काही वर्षांत पिवळी पडून तिचा डाग कागदात उतरतो.

कार्डं लावायची कशी? तारखेने. आजोबा बहुतेक वेळा तारीखच घालत नसत. मग गोल शिक्का भिंगाखाली धरा. तोही पुसट असेल तर छापील किंमत बघा. आण्यांतली किंमत असेल तर कार्ड एप्रिल १९५७च्या आधी छापलेलं. ‘नये पैसे’ असेल तर त्यानंतरच्या काही वर्षांतलं. पत्त्यात पिनकोड लिहिलेला असेल तर १५ ऑगस्ट १९७२च्या नंतरचं. हळदकुंकवाचा डाग असेल तर बारसं नाहीतर लग्न. कोपरा फाडलेलं कार्ड मात्र तुमच्या गठ्ठ्यात बहुधा नसेल. ते मृत्यूची बातमी आणायचं आणि वाचून लगेच फाडून टाकलं जायचं, घरात ठेवत नसत.

आणि समोरचं कोरं पान. त्यावर नक्षी काढू नका, फुलं चिकटवू नका. कार्डात ज्यांची नावं आलीत ती माणसं कोण, हे तिथे लिहायचं. माझ्या वहीत ‘बाळ्यास ताप उतरला’ या ओळीसमोर आईने स्वतःच्या हाताने लिहिलंय: बाळ्या म्हणजे धाकटा भाऊ, तेव्हा नऊ वर्षांचा, तापात फणस मागत होता. कार्डावर फक्त ताप आहे. फणस आईने दिला.

एक पान अजून कोरं आहे. त्या कार्डात आजोबांनी लिहिलंय, ‘नानीचे कळले, फार वाईट वाटले.’ नानी कोण ते आईला आठवत नाही. राजापूरला आजोळच्या शेजारी एक आजी आहेत, नव्वदीच्या. दिवाळीत त्यांच्याकडे जाणार आहे, वही बरोबर घेऊन.

चला, दाभणं टेबलावर ठेवलीत, दोघा-दोघांत एक. आधी तुमचं कार्ड मोठ्याने वाचा, मग कागद कापायला घ्या.