पट्ट्याचं दुसरं टोक

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. फलकावर विषय भारदस्त लिहिलाय, 'श्वानवर्तन आणि पालकांची मानसिकता'. मी साधा जनावरांचा डॉक्टर. पण ३५ वर्षं एक गोष्ट बघतोय. "डॉक्टर, हा इंजेक्शनला फार घाबरतो हो," असं म्हणत कुत्र्याला टेबलावर चढवणाऱ्याचाच हात थरथरत असतो. कुत्रं बिचारं तोपर्यंत माझ्या टेबलाचे पाय हुंगत असतं.

आता आमच्या मोतीची गोष्ट. मोती गावठी, रस्त्यावरून उचलून आणलेला, जगमित्र. पेपरवाला, कचरेवाली, कुरिअरवाला, कुणालाही शेपूट हलवणार. फक्त आमच्या सोसायटीच्या चेअरमनवर भुंकायचा. नुसतं भुंकणं नाही, मानेवरचे केस उभे करून. आता त्या चेअरमनचं आणि माझं पार्किंगवरून वाजलेलं. माझी स्कूटर रेषेच्या चार बोटं बाहेर होती, त्याबद्दल त्यांनी फ्लॅट नंबरासकट नोटीस बोर्डावर लावली. चार बोटं! मी पट्टी घेऊन मोजलंय. (हशा) हसा, पण तुमच्याही सोसायटीत असा एक असतोच, आणि नसेल तर तो तुम्ही आहात.

तर मोती भुंकला की मला आतून उकळ्या फुटायच्या. मुक्या जनावराला माणूस कळतो, असं मी जिन्यात, लिफ्टमध्ये, लग्नाकार्यात सांगत सुटलो. शेवटी बायको म्हणाली, "त्याला काही कळत नाही. ते दिसले की आधी तुमचा हात आखडतो, मग तो भुंकतो." मी अर्थातच मान्य केलं नाही. तिने आठवडाभर मोतीला स्वतः खाली नेलं. चौथ्या दिवशी गॅलरीतून बघतो तर चेअरमन त्याच्या पोटावर खाजवतायत आणि हा चारी पाय वर करून पडलाय. डॉक्टर मी, निदान तिचं.

कुत्र्याला 'कळतं' याचा आणखी एक पुरावा लोक देतात. चप्पल फाडली की तो अपराधी तोंड करतो म्हणे. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने २००९ साली हे तपासलं. खाऊ समोर ठेवून 'खायचं नाही' असं बजावून मालक खोलीबाहेर गेले. परतल्यावर काहींना मुद्दाम खोटं सांगितलं, की कुत्र्याने खाल्लं. ते ओरडले, आणि ज्याने तोंडही लावलं नव्हतं त्यानेही कान पाडले! उलट निरपराध कुत्रीच जास्त ओशाळलेली दिसली. तो चेहरा त्याच्या गुन्ह्याचा नव्हे, तुमच्या आवाजाचा.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरं. खरं भाषण इथून सुरू होणार होतं.

बेलफास्टमध्ये २०२२ साली माणसांना ९००० मधून १७-१७ वजा करत मोठ्याने उलटं मोजायला लावलं. आधीचा आणि नंतरचा घाम-श्वास गोळा करून कुत्र्यांना हुंगायला दिला. चार कुत्र्यांनी मिळून सुमारे ९४ टक्के वेळा ताणाचा वास अचूक ओळखला. आपण चेहऱ्यावर हसू ठेवतो, पण घाम झाकता येत नाही. स्वीडनमध्ये २०१९ साली ५८ कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात शरीरात वाढणारं संप्रेरक, मोजलं, म्हणजे कित्येक महिन्यांच्या ताणाची नोंदच. दोघांचं प्रमाण जुळत होतं. मालकिणीच्या स्वभावाचा कुत्र्याच्या ताणाशी संबंध दिसला, कुत्र्याच्या स्वभावाचा फारसा नाही. ही शेटलँड शीपडॉग आणि बॉर्डर कॉली, दोन्ही माणसाबरोबर काम करणाऱ्या जातींची कुत्री होती, तेव्हा लगेच सगळ्यांना लावू नका.

सवयींचं भराभर सांगतो. आई म्हणते ताटातलं द्यायचं नाही, आजोबा टेबलाखालून पोळी सरकवतात. मग कुत्रं हट्टी नाही, हिशेबी होतं. ऑफिसला निघताना दारात दहा मिनिटं निरोपसमारंभ करू नका. समोरून दुसरं कुत्रं आलं की पट्टा आवळू नका, वळसा घ्या. आणि आवळलाच तर बघा, तुमचा श्वासही अडकलेला असेल.

दुसरी चिठ्ठी. दिवाळीच्या फटाक्यांचं राहिलंच. एवढंच सांगतो, घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने ते बिघडत नाही, फक्त जवळ घेणाऱ्याने किंचाळू नये. बाकी चहाच्या वेळी विचारा.