नखावरची मेंदी आणि हिमालय

नमस्कार मुलांनो.

रेडिओवरून चित्र दाखवता येत नाही. म्हणून आज जगातल्या थोर नवलांच्या गोष्टी सांगताना मी तुमच्या घरातल्याच वस्तू वापरणार आहे. पहिली वस्तू तर तुमच्या हातालाच आहे. नखं बघा आपापली.

नागपंचमीला मेंदी काढता ना? तळहातावरची मेंदी आठ-दहा दिवसांत फिकी पडते. नखावरची मात्र जात नाही. ती नखाबरोबर पुढे पुढे सरकत राहते. दिवाळीपर्यंत नखाच्या मुळाशी कोरा भाग दिसू लागतो आणि संक्रांतीला नखाच्या टोकाशी केशरी चंद्रकोर तेवढी उरते. नख वाढताना तुम्ही कधी पाहिलंय का? नाही ना? पण ते वाढतंच. महिन्याला साधारण तीन मिलिमीटर.

आता गंमत ऐका. तुम्ही ज्या जमिनीवर बसून हे ऐकताय, ती जमीनही साधारण याच वेगानं सरकते आहे. तुमचं घर, शाळा, शेजारचं वडाचं झाड, सह्याद्री, गंगा, सगळा भारत एकत्र, उत्तरेकडे. वर्षाला सुमारे 5 सेंटीमीटर. मोजपट्टीवर बघा, केवढंसं अंतर आहे ते. आणि हे सरकणं कालपरवा सुरू झालेलं नाही. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी भारताची जमीन आशियाच्या जमिनीला जाऊन धडकली, आणि तरीही ती थांबली नाही. पाटी घ्या आणि गुणाकार करा: 5 सेंटीमीटर गुणिले 5 कोटी. उत्तर येईल अडीच हजार किलोमीटर!

मग एवढी जमीन गेली कुठे? घरातली सतरंजी जमिनीवर पसरा आणि एका टोकानं भिंतीकडे ढकलत न्या. भिंतीशी गेली की तिला वळ्या पडतात, त्या उंच होत जातात. जमिनीलाही अशाच वळ्या पडल्या. त्यांना आपण हिमालय म्हणतो. त्यातली सगळ्यात उंच वळी म्हणजे एव्हरेस्ट, 8848.86 मीटर. नेपाळ आणि चीन या दोन्ही देशांनी मिळून 2020 साली हा आकडा जाहीर केला.

पण मला एव्हरेस्टच्या उंचीपेक्षा त्याच्या माथ्यावरच्या दगडाचं जास्त नवल वाटतं. तो दगड आहे चुनखडीचा. आणि त्यात सापडतात समुद्रातल्या प्राण्यांच्या कवचांचे बारीक बारीक तुकडे! जगातल्या सर्वांत उंच जागी, जिथे श्वास घ्यायला पुरेसा प्राणवायू मिळत नाही, तिथे माणूस उभा असतो तो समुद्राच्या तळावर. सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वी हा दगड उथळ, कोमट समुद्राच्या तळाशी गाळ म्हणून साचत होता. भारत आणि आशिया यांच्यामध्ये कोट्यवधी वर्षं समुद्र होता. त्याला शास्त्रज्ञ टेथिस म्हणतात. दोन्ही बाजूंनी जमीन चेपत आली तसा समुद्र आटला आणि त्याचा तळ आकाशात गेला.

तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी त्या समुद्राचा एक तुकडा असेल. देवघरात बघा, शाळिग्राम आहे का. तुळशीच्या लग्नात नवरदेव म्हणून ज्याला मांडतात तो काळा, गुळगुळीत गोटा. माझी आजी तो ताम्हणात ठेवून त्याच्यावर पाणी घालायची आणि मला म्हणायची, "आंघोळ झाल्याशिवाय हात लावायचा नाही हं." त्याच्यावर चक्र असतं, गोगलगाईच्या शंखासारखं वळत गेलेलं. मला वाटायचं ते कुणीतरी कोरलंय. तसं नाही. अमोनाइट नावाचा एक समुद्री प्राणी होता, आजच्या माखळ्याच्या दूरच्या नात्यातला. त्याच्या कवचाचा तो ठसा आहे. अमोनाइट सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जगातून कायमचे नाहीसे झाले. पण टेथिसच्या तळाच्या चिखलात त्यांची कवचं दगड होऊन राहिली, हिमालयाबरोबर वर चढली, आणि नेपाळमधली काली गंडकी नदी त्यांना डोंगरातून सोडवून घासत, गुळगुळीत करत खाली आणते. तिथून यात्रेकरूंच्या पिशवीतून ते आपल्या देवघरात येतात. आज आजीला विचारून, हात स्वच्छ धुऊन, घरचा शाळिग्राम नीट बघा.

डोंगर व्हायला इतका वेळ लागतो, असं म्हणावं, तर मेक्सिकोतला एक डोंगर त्याला अपवाद आहे. तिथे मिचोआकान नावाचा प्रांत आहे. 1943 सालचा फेब्रुवारी महिना, 20 तारीख. दियोनिसियो पुलिदो नावाचे शेतकरी मक्याच्या पेरणीसाठी आपलं शेत तयार करत होते. दुपारी त्यांना शेतात एक भेग दिसली. बघता बघता जमीन फुगली, फुस्स असा आवाज येऊ लागला, धूर निघाला आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटला. तो वास गंधकाचा. शेतात ज्वालामुखी जन्माला येत होता!

आठवड्याभरात तिथे शंभर मीटरांहून उंच टेकडी उभी राहिली. दिल्लीचा कुतुबमिनार जेमतेम 73 मीटरांचा आहे, म्हणजे आठ दिवसांत ही टेकडी त्याच्या पुढे गेली. वर्षभरानं तिची उंची झाली 336 मीटर. साडेचार कुतुबमिनार एकावर एक! नऊ वर्षं आग ओकून 1952 साली हा ज्वालामुखी थांबला. त्याचं नाव पारिकुतीन, कारण त्याच नावाचं गाव त्यानं गिळलं. शेजारचं सान हुआनही लाव्हाखाली गेलं. पण लाव्हा हळूहळू सरकत आला, त्यामुळे लोकांना सामानसुमान घेऊन निघून जायला वेळ मिळाला. लाव्हात सापडून कुणाचा जीव गेला नाही. सान हुआनच्या चर्चचा मनोरा आजही काळ्या दगडांच्या समुद्रातून वर डोकावतो. गाव नाही, रस्ता नाही, नुसता मनोरा. आणि शास्त्रज्ञांना काय मिळालं? ज्वालामुखी जन्मल्या दिवसापासून शांत होईपर्यंत त्याची सगळी हकिकत लिहून ठेवता आली. अशी संधी फार क्वचित मिळते.

तो काळा दगड तुमच्या ओळखीचा आहे. महाराष्ट्रातल्या मुलांनो, तुमचे गडकिल्ले, तुमच्या घरचा पाटा-वरवंटा, जुन्या वाड्यांची जोती, सगळं त्याच जातीच्या दगडाचं, बेसॉल्टचं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडेही लाव्हा आला. एका टोकदार डोंगरातून नाही, तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून. तो पसरायचा, थंड व्हायचा, मग त्याच्यावर दुसरा थर. टोपल्यात भाकरीवर भाकरी रचावी तसे थर. पावसाळ्यात घाटातून जाताना समोरच्या कड्यावर आडव्या पायऱ्या दिसतात ना? त्या या भाकऱ्यांच्या कडा.

आणि या भाकऱ्यांच्या चळतीवर एकदा आकाशातून दगड पडला. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. कहाणीत सांगतात, तिथे लवणासुर राहायचा आणि विष्णूनं त्याला मारलं. गावात त्याच विष्णूचं, दैत्यसूदनाचं, फार सुंदर जुनं देऊळ आहे. शास्त्रज्ञ सांगतात, तिथे उल्का आदळली. ती इतक्या प्रचंड वेगात आली की काही क्षणांत जवळजवळ 1.8 किलोमीटर रुंद खड्डा पडला. हिमालयाला कोट्यवधी वर्षं, पारिकुतीनला नऊ वर्षं, आणि लोणारला? मी हे वाक्य बोलून संपवते आहे ना, तेवढा वेळ.

हे कधी घडलं? आधी वाटायचं, सुमारे 52 हजार वर्षांपूर्वी. मग दगडात अडकलेल्या आर्गॉन वायूवरून वय मोजलं, तर ते निघालं सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं! तळं एकच, पण मोजायची रीत बदलली आणि ते दहापटीहून म्हातारं झालं.

लोणारचं पाणी खारट आहे आणि साबणाच्या पाण्यासारखं अल्कधर्मी. 2020 च्या जून महिन्यात ते एकाएकी गुलाबी झालं. लोक बघायला धावले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ते पाणी तपासलं, तेव्हा कळलं की हा रंग पाण्याचा नाहीच. खूप मीठ असलेल्या पाण्यात आनंदानं राहणारे सूक्ष्मजीव असतात, त्यांचा तो रंग. पाणी ठेवून दिलं तर ते जीव तळाशी बसतात आणि वरचं पाणी नितळ होतं.

लोणारचं चंद्राशीही नातं आहे बरं का. चंद्रावरच्या ज्या काळ्या डागांत आपण ससा बघतो, तो ससा बेसॉल्टचाच आहे! चंद्रावरच्या बेसॉल्टमध्ये उल्कांनी पाडलेले खड्डेच खड्डे आहेत. पृथ्वीवर मात्र बेसॉल्टमध्ये पडलेले आणि इतके छान टिकलेले खड्डे फारच थोडे. म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारला येतात. यष्टीच्या गाडीनं जाता येईल असा चंद्र आपल्या विदर्भात आहे, हे मला तुम्हाला सांगायचंच होतं.

आता पाणी. पाणी मऊ, दगड कठीण, मग जिंकतं कोण? पारनेर तालुक्यातल्या निघोजला कुकडी नदीच्या पात्रात हे बघायला मिळतं. तिथे काळ्या खडकात रांजणासारखे खोल, गोल खड्डे आहेत. नावच रांजणखळगे. पुराच्या पाण्यात भोवरा होतो, भोवऱ्यात गोटे सापडतात, ते गरगर फिरत खालचा खडक घासतात. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. जात्यानं दळावं तसं नदीनं खडक दळून काढलाय.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीनं हेच काम पन्नास-साठ लाख वर्षं केलं आणि ग्रँड कॅन्यन नावाची घळ कोरली. लांबी 446 किलोमीटर. खोली किती? आपली कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, 1,646 मीटर. ती अख्खी उचलून त्या घळीच्या सगळ्यात खोल जागी ठेवली, तर तिचा माथा काठाच्या वर येणार नाही. तळाचे खडक सुमारे 175 कोटी वर्षांचे आहेत. आणि त्यांची नावं ऐका: विष्णू, ब्रह्मा, राम! खरंच सांगते. एकोणिसाव्या शतकात क्लॅरेन्स डटन नावाच्या भूशास्त्रज्ञाला त्या घळीतली शिखरं देवळांसारखी वाटली, म्हणून त्यानं एका शिखराला विष्णू मंदिर असं नाव दिलं. पुढे अशी नावं तळाच्या खडकांनाही मिळाली.

आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया धबधब्याची एकच गोष्ट सांगते. तो चालतो. झांबेझी नदी तिथे 108 मीटर खाली कोसळते, तीही बेसॉल्टवरूनच. खडकातल्या भेगा धरून पाणी कडा पोखरतं आणि धबधबा मागे मागे सरकतो. खालच्या बाजूला ज्या नागमोडी घळी दिसतात, त्या त्याच्या जुन्या जागा. तिथले लोक त्याला मोसी-ओआ-तुन्या म्हणतात, म्हणजे गरजणारा धूर. हे नाव मला व्हिक्टोरियापेक्षा कितीतरी आवडतं.

शेवटचं नवल जिवंत आहे. आजीच्या दागिन्यांत पोवळ्याची माळ असेल, तर बघून ठेवा. पोवळं ज्या प्राण्यांपासून मिळतं, त्यांच्याच नात्यातल्या चिमुकल्या जीवांनी ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ 2,300 किलोमीटर लांबीची प्रवाळभिंत बांधली आहे. ग्रेट बॅरियर रीफ. एकेक जीव बहुतेक वेळा फक्त काही मिलिमीटरचा, तांदळाच्या दाण्याएवढा समजा. तो समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन आपल्याभोवती घर बांधतो. त्याच्या अंगात आणखी बारीक शेवाळ राहतं. प्रवाळ त्याला निवारा देतो, शेवाळ उन्हावर अन्न तयार करून प्रवाळाला देतं. पाणी फार तापलं की हे बिऱ्हाड मोडतं, शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढराफटक होतो. 2016 पासून असं पुन्हा पुन्हा घडतंय. पाणी लवकर थंड झालं तर शेवाळ परत येतं. नाही झालं तर प्रवाळ उपाशी मरतो. मला याची फार काळजी वाटते. आपल्याकडेही प्रवाळ आहेत, मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात, आणि विजयदुर्गापासून शंभरएक किलोमीटर आत समुद्रात बुडालेल्या एका पठारावर. त्या पठाराला कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून अँग्रिया बँक म्हणतात.

ही भिंत वाढते कशी? वर्षातून काही मोजक्या रात्री भिंतीवरचे अगणित प्रवाळ जवळजवळ एकाच वेळी आपली अंडी पाण्यात सोडतात. गुलाबी, केशरी मणी, लाखो, करोडो, तळाकडून वर चढत जातात. बर्फ उलटा पडावा तसं दिसतं. दिनदर्शिका नाही, घड्याळ नाही, तरी सगळ्यांना कळतं. पाणी पुरेसं कोमट झालेलं असतं आणि नुकतीच पौर्णिमा होऊन गेलेली असते. शास्त्रज्ञांना हे समजलं तेच मुळी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला.

आणि ती पौर्णिमा कुठली? किनाऱ्याजवळच्या प्रवाळांची बऱ्याचदा ऑक्टोबरची, म्हणजे बहुतेक वर्षी आपली कोजागरी. दूरच्या प्रवाळांची त्यानंतरची एखादी. तुम्ही गच्चीवर आटीव दूध पिऊन झोपलात की पुढचे चार-पाच दिवस मोजत राहा. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे आहे. पाचव्या दिवशी शाळा सुटेल, तुम्ही दप्तर पाठीला लावून बाहेर पडाल, तेव्हा घड्याळ बघा. पाच वाजले असतील तर तिथे रात्रीचे साडेनऊ.